शोध कुणाचा, खाण कुणाची?

२००२ साली पर्थच्या पॅलाडिन नावाच्या एका किरकोळ कंपनीने नामिबियातला लँगर हाइनरिख हा युरेनियमचा साठा अवघ्या १५ हजार डॉलरांत पदरात पाडून घेतला. पुढे उत्पादन झालं तर त्यावर थोडं स्वामित्वधन द्यायचं, एवढीच वरची बोली. तेव्हा युरेनियमचा भाव पौंडाला दहा डॉलरच्या आसपास होता आणि या धातूत पैसा घालणाऱ्याला खाणधंद्यातलेच लोक वेड्यात काढत. २००७च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष हिफिकेपुन्ये पोहांबा यांनी त्या खाणीचं उद्घाटन केलं, तेव्हा भाव नव्वदीच्या पुढे होता. जूनमध्ये तो १३६ डॉलरवर पोहोचला. एका सेंटाला मिळणारा पॅलाडिनचा शेअर दहा ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांत युरेनियम शोधायला निघालेली प्रत्येक छोटी कंपनी गुंतवणूकदारांना आजही हीच गोष्ट ऐकवते. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. २०१७मध्ये पॅलाडिन कर्जापायी प्रशासकांच्या ताब्यात गेली, २०१८मध्ये लँगर हाइनरिख बंद पडली आणि सहा वर्षांनी, मार्च २०२४मध्ये, ती पुन्हा सुरू झाली. या वीस-बावीस वर्षांत नामिबिया, मलावी, बोट्स्वाना, झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेत अशा कंपन्यांनी काय कमावलं, काय घडवलं आणि त्या जमिनीवरच्या लोकांच्या हाती काय आलं, याचा हिशेब एकत्र मांडायला हवा. माझं मत आधीच सांगतो. या कंपन्या युरेनियम विकत नाहीत, साठ्याचा आकडा विकतात. त्यात मूळचं वाईट काही नाही. वाईट हे, की ज्यांच्या जमिनीखाली तो साठा आहे ती सरकारं आपल्या अटी फार उशिरा मांडतात.

मुळात यातले बहुतेक साठे या कंपन्यांनी शोधलेलेच नाहीत. रॉसिंगचा साठा कॅप्टन पीटर लाऊ यांना नामिबच्या वाळवंटात १९२८मध्ये सापडला. रिओ टिंटोने १९६६मध्ये तिथले हक्क मिळवले आणि १९७६मध्ये खाण चालू केली. नामिबिया तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीच्या ताब्यात होता. संयुक्त राष्ट्रांच्या नामिबिया परिषदेने १९७४मध्ये आपल्या पहिल्याच आदेशाने या भूमीतली खनिजं परवानगीविना काढायला मनाई केली होती. तरीही युरेनियम बाहेर जातच राहिलं. सत्तरच्या दशकात तेलाच्या टंचाईने अणुविजेला भाव आला आणि बड्या कंपन्या व सरकारी संस्था या भागात उतरल्या. लँगर हाइनरिख दक्षिण आफ्रिकेच्या जेनकॉरने तपासला. मलावीतला कायेलेकेरा ब्रिटनच्या सरकारी वीजमंडळाने शोधला. झिंबाब्वेच्या कान्येम्बापर्यंत जर्मनीची युरानेर्झ पोहोचली होती. मग १९७९मध्ये थ्री माइल आयलंडचा अणुअपघात झाला, १९८६मध्ये चेर्नोबिलचा, भाव कोसळले आणि या साऱ्या कामाच्या फायली कपाटात गेल्या.

छोट्या कंपन्यांनी २००३नंतर ती कपाटं उघडली. पॅलाडिनचे संस्थापक जॉन बोर्शॉफ स्वतः युरानेर्झच्या ऑस्ट्रेलियातल्या कामातून आलेले. तिच्या नोंदींचा संग्रह त्यांनी पॅलाडिनसाठी विकत घेतला होता. जुने नकाशे वाचायचे, जिथे भोकं पाडली होती तिथेच शेजारी पुन्हा पाडायची आणि आकडा आजच्या नियमांत बसवून शेअर बाजाराला कळवायचा, अशी ही पद्धत. हे काम कमी दर्जाचं आहे असं मी म्हणत नाही. जुनी नोंद तपासून खरी-खोटी ठरवायला कसब लागतं. पण तीस वर्षांपूर्वी दुसऱ्याने शोधलेल्या साठ्यावर ‘आमचा शोध’ म्हणून हक्क सांगितला जातो, तेव्हा परवाना देणाऱ्या सरकारने निदान एवढं ओळखावं, की समोरचा माणूस वाटतो तितकी मोठी जोखीम घेत नाहीये.

हे काम कसं चालतं ते थोडं जवळून पाहू. नामिबियात शोधाचा परवाना आधी तीन वर्षांचा मिळतो, पुढे तो दोन-दोन वर्षांनी दोनदा वाढवता येतो. विमानातून गॅमा किरणांची मोजणी होते, मग जमिनीवर माणसं हातात मोजणीयंत्र घेऊन चालतात आणि जिथे आकडा चढतो तिथे विंधणयंत्र उभं राहतं. आपल्याकडच्या बोअरवेलच्या गाडीसारखंच ते दिसतं. फरक असा, की इथे हवेच्या दाबाने वर आलेला खडकाचा चुरा टाकून न देता दर मीटरला वेगळ्या पिशवीत भरतात, पिशवीवर भोकाचा क्रमांक आणि खोली लिहितात आणि त्यातला चिमूटभर प्लास्टिकच्या खणाखणांच्या पेटीत ठेवतात. भोक पूर्ण झालं की त्यात गॅमा मोजणारी सळई सोडतात. तिचा आकडा त्याच दिवशी मिळतो, पिशव्यांचा प्रयोगशाळेतला आकडा काही आठवड्यांनी.

या दोन आकड्यांमधली फट महत्त्वाची असते. सळई खुद्द युरेनियम मोजत नाही, त्याच्या ऱ्हासातून जन्मलेल्या मूलद्रव्यांचे किरण मोजते. जमिनीतल्या पाण्याने युरेनियम धुऊन नेलं असेल आणि ही संतती मागे राहिली असेल, तर सळई खोटी आशा दाखवते. उलटही घडतं. म्हणून जाहीर झालेला आकडा सळईचा आहे की प्रयोगशाळेचा, हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. साठ्याच्याही पायऱ्या असतात. ‘अनुमानित’ साठा म्हणजे विरळ भोकांवरून बांधलेला अंदाज. भोकं दाट झाली की तो ‘निर्देशित’ होतो, त्यापुढे ‘मोजलेला’. बातमीत मात्र बहुधा सगळ्यांची एकच बेरीज येते.

आता प्रतीचा हिशेब. कॅनडाच्या सिगार लेकमध्ये एका टन खडकातून शंभर किलोहून जास्त युरेनियम ऑक्साइड निघतं. नामिबियात प्रत टनाला ३०० ग्रॅमच्या आसपास असली तरी ती बरी समजतात. ३०० ग्रॅम म्हणजे पौंडाचा दोन-तृतीयांश. भाव ८० डॉलर असेल तर त्या टनाचे जास्तीत जास्त ५३ डॉलर येतात. एवढ्यात खडक फोडायचा, वाहायचा, दळायचा, रसायनात मुरवायचा आणि उरलेला गाळ कायमचा सांभाळायचा. २०१६च्या अखेरीस भाव १८ डॉलरवर घसरला तेव्हा त्याच टनाची किंमत १२ डॉलर राहिली. कझाकस्तानात खडक न काढता जमिनीतच द्रावण सोडून युरेनियम ओढून घेतात. त्यांच्या खर्चाशी या १२ डॉलरांत टक्कर देणं शक्यच नव्हतं. त्यातही रॉसिंग आणि हुसाब इथे युरेनियम ग्रॅनाइटच्या जातीच्या कठीण खडकात आहे, ते आम्लाने सुटतं. लँगर हाइनरिख, ट्रेकोप्ये आणि तुमास हे बुजलेल्या प्राचीन नदीपात्रांतले साठे. तिथे कार्नोटाइट हे पिवळं खनिज चुनखडीच्या खडकात बसलेलं असतं. तो खडक आम्ल नुसतं पिऊन टाकतो, म्हणून तिथे अल्कली वापरावी लागते. एका खाणीचं गणित शेजारच्या खाणीला लागू पडत नाही ते यामुळे.

या धंद्याचं सर्वांत महाग प्रकरण ट्रेकोप्येचं. युरामिन ही कंपनी २००५मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या बाजारात आली. तिच्या हाती तीन ठिकाणं होती: नामिबियातलं ट्रेकोप्ये, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातलं बाकुमा आणि दक्षिण आफ्रिकेच्या कारू पठारावरचं रिस्ट कायल. एकही खाण चालू नव्हती. जून २००७मध्ये, भाव शिखरावर असताना, फ्रान्सच्या सरकारी मालकीच्या अरेवाने तिच्यासाठी अडीच अब्ज डॉलर मोजले. दोन वर्षांच्या कंपनीला ही किंमत! अरेवाने मग अटलांटिकच्या किनाऱ्यावर व्लोट्झकासबाकेन इथे वर्षाला दोन कोटी घनमीटर क्षमतेचा समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारला. खनिजाची प्रत मात्र फारच हलकी होती आणि मार्च २०११मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला. त्या वर्षाच्या हिशेबात अरेवाने युरामिनपोटी सुमारे दीड अब्ज युरो बुडीत दाखवले. ट्रेकोप्ये खाण म्हणून कधी चाललीच नाही. फ्रान्समध्ये या खरेदीची न्यायालयीन चौकशी सुरू झाली.

कोकणातल्या वाचकाला अरेवाची ओळख करून द्यायला नको. जैतापूरला प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांपैकी पहिल्या दोन बांधण्यासाठी डिसेंबर २०१०मध्ये करार करणारी कंपनी हीच. फिनलंडमधल्या रखडलेल्या अणुभट्टीचा तोटा आणि युरामिनचा खड्डा यांनी अरेवा इतकी खचली, की फ्रेंच सरकारला तिचे तुकडे करावे लागले. अणुभट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच वीजकंपनीकडे गेला आणि जैतापूरची बोलणी नव्या माणसांशी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. माडबन-मिठगवाण्याच्या लोकांनी जमिनीसाठी केलेला विरोध, दराचा वाद, अपघाताच्या भरपाईचा कायदा, ही रखडण्याची कारणं आपल्याकडे पुष्कळ चर्चिली गेली. नामिबमधल्या एका हलक्या प्रतीच्या साठ्याचाही त्यात वाटा होता, हे फारसं कुणी लिहिलं नाही.

समुद्राचं पाणी गोडं करणारा तो प्रकल्प मात्र वाया गेला नाही. त्याचं पाणी आज आसपासच्या खाणींना आणि किनाऱ्यावरच्या गावांना मिळतं. अडीच अब्जांच्या सौद्यातून नामिबियाच्या जनतेला टिकाऊ असं मिळालं ते एवढंच.

हुसाबची गोष्ट याच्या उलट आहे आणि छोट्या कंपन्यांच्या बाजूने ती सांगायलाच हवी. रॉसिंगच्या दक्षिणेला वाळूखाली झाकलेल्या भागात एक्स्ट्रॅक्ट रिसोर्सेस या ऑस्ट्रेलियन कंपनीने भोकं पाडली आणि २००८मध्ये जगातला एक फार मोठा साठा उजेडात आला. रिओ टिंटोची माणसं तिथून हाकेच्या अंतरावर तीस वर्षं काम करत होती. म्हणजे धाडसाने, इतरांनी सोडलेल्या जागी पाहणारी छोटी कंपनी खरोखर काहीतरी घडवू शकते. पण पुढे काय झालं? एक्स्ट्रॅक्टमध्ये मोठा हिस्सा असलेली लंडनची कलाहारी मिनरल्स विकत घ्यायला चीनच्या सीजीएनने २०११मध्ये शेअरमागे २९० पेन्सचा भाव दिला. फुकुशिमानंतर तो कमी करू पाहिला, पण ब्रिटनच्या नियामकांनी अडवल्यावर माघार घेतली आणि डिसेंबरात सुमारे २४४ पेन्सचा नवा प्रस्ताव आणला. २०१२मध्ये एक्स्ट्रॅक्टही सुमारे २.२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या मूल्याने त्यांच्याकडे गेली. खाणीतून २०१६च्या अखेरीस उत्पादन सुरू झालं. नामिबियाच्या एपांगेलो या सरकारी खाण कंपनीकडे तिचा दहा टक्के हिस्सा आहे. शोध ऑस्ट्रेलियन, पैसा लंडनचा, खाण चिनी. रॉसिंगमधला रिओ टिंटोचा हिस्साही २०१९मध्ये चीनच्या सरकारी युरेनियम कंपनीने घेतला आणि लँगर हाइनरिखचा चौथा हिस्सा त्याआधीच चिन्यांकडे गेला होता. नामिबिया आज युरेनियम उत्पादनात कझाकस्तान आणि कॅनडापाठोपाठ तिसरा आहे. त्याच्याकडे स्वतःची एकही अणुभट्टी नाही आणि बरीचशी वीज तो शेजाऱ्यांकडून विकत घेतो.

मलावीच्या कायेलेकेराचा अनुभव मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. जगातल्या अतिगरीब देशांत मोडणाऱ्या मलावीने २००७मध्ये पॅलाडिनशी करार केला. सरकारला १५ टक्के हिस्सा मिळाला, पण त्या बदल्यात स्वामित्वधन पाच टक्क्यांवरून पहिली तीन वर्षं दीड टक्का आणि पुढे तीन टक्के केलं गेलं. कंपनीकरही घटवला आणि या अटी दहा वर्षं बदलायच्या नाहीत असं ठरलं. खाण २००९मध्ये सुरू झाली. डिझेलवर चालणारी, समुद्रापासून दूर, रसायनं ट्रकने आणावी लागणारी अशी ती महाग खाण. सुमारे १ कोटी ९ लाख पौंड युरेनियम काढून २०१४मध्ये ती थांबली. करसवलती आणि नफा दुसऱ्या देशांतून वळवण्याच्या रचनेमुळे मलावीचं सहा वर्षांत ४ कोटी ३० लाख डॉलरांचं नुकसान झालं, असा हिशेब अ‍ॅक्शनएड या स्वयंसेवी संस्थेने २०१५मध्ये मांडला. कंपनीने तो नाकारला. हिशेबाचा वाद बाजूला ठेवला तरी एवढं स्पष्ट आहे, की देशाने आपला वाटा भाव चढता असताना सोडला आणि भाव उतरल्यावर परत मागायला काही शिल्लक राहिलं नाही.

बंद खाणीतही पाऊस पडतो. कायेलेकेराच्या तळ्यांत साठलेलं पाणी प्रक्रिया करून सेरे नदीत सोडायचं ठरलं तेव्हा करोंगा जिल्ह्यातल्या लोकांनी हरकत घेतली, कारण सेरे पुढे उत्तर रुकुरूला मिळते आणि ती मलावी सरोवराला. त्या सरोवराच्या मासळीवर किनाऱ्यावरची गावं जगतात. कंपनी म्हणाली, पाणी मानकांत बसतं. लोकांनी विचारलं, मोजणी कोण करतं? हा प्रश्न रास्त होता. कोणतंही युरेनियम काढण्याआधी त्याचं उत्तर करारात लिहिलेलं असायला हवं होतं. पुढे खाण लोटस रिसोर्सेस या दुसऱ्या छोट्या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे गेली आणि २०२५मध्ये तिने उत्पादन पुन्हा सुरू केलं.

बाकीच्या ठिकाणांची कहाणी थोडक्यात सांगता येते. बोट्स्वानात सेरुले गावाजवळचा लेत्लाकाने साठा आकाराने मोठा, प्रतीने हलका. त्याला २०१६मध्ये खाणीचा परवाना मिळाला, खाण मात्र झाली नाही आणि तोही आता लोटसकडे आहे. झांबियात करिबा सरोवराजवळचा मुतांगा साठा एका कंपनीकडून दुसरीकडे जात राहिला. नामिबियात बॅनरमन कंपनीचा एतांगो प्रकल्प वीस वर्षांनंतरही विकासाच्याच टप्प्यात, तर डीप यलो कंपनीने तुमासचा अंतिम निर्णय एप्रिल २०२५मध्ये पुढे ढकलला. भाव पुरेसा नाही, हे त्यांचं कारण. भावाने शंभर डॉलरचा टप्पा ओलांडल्यावर वर्षभराने एखादी कंपनी असं म्हणते, तेव्हा या साठ्यांची खरी किंमत कळते.

पाण्याबद्दल मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही. कारूमधलं ब्यूफर्ट वेस्ट हे गाव २०११मध्ये पाण्याविना पडलं आणि त्याला सांडपाणी शुद्ध करून पिण्याची पाळी आली. याच गावाभोवती युरेनियमचे साठे आहेत. युरामिनकडून अरेवाकडे आणि तिथून पेनिन्सुला एनर्जीकडे आलेला इथला रिस्ट कायल प्रकल्प २०१८मध्ये सोडून देण्यात आला. मेंढपाळ शेतकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल तर त्यात नवल नाही. नामिबियाच्या पूर्वेला ओमाहेके भागात लिओनार्डव्हिलजवळ रशियाच्या रोसाटोमशी संबंधित हेडस्प्रिंग कंपनीने जमिनीतच द्रावण सोडण्याची पद्धत वापरायचं ठरवलं. त्या जमिनीखाली स्टॅम्प्रिट खोऱ्याचं भूजल आहे. माणसं, गुरं, शेती सारं त्यावरच अवलंबून. नोव्हेंबर २०२१मध्ये सरकारने कंपनीचे विंधणाचे पाणीपरवाने रद्द केले. मला हा निर्णय या साऱ्या आढाव्यातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. खाण उभी राहण्याआधी, नोकऱ्यांचं आश्वासन गावोगाव पोहोचण्याआधी, नुसत्या शोधाच्या टप्प्यावर तो घेतला गेला.

नामिबियाने २००७मध्ये नवे शोधपरवाने देणंच थांबवलं होतं, तेही याच जाणिवेतून. अर्ज इतके आले होते, की पाणी, वीज आणि वाळवंटातला निसर्ग एकत्र विचारात घ्यायला कुणाला सवडच नव्हती. ती बंदी दहा वर्षं टिकली. मात्र बंदी म्हणजे धोरण नव्हे. परवाना देतानाच तीन गोष्टी ठरायला हव्यात. कंपनी विकली गेली तर त्या नफ्यावर यजमान देशाला कर मिळेल का? पाण्याची मोजणी कंपनीच्या पगारावर नसलेल्या माणसांकडून होईल का? खाण बंद करून जमीन सावरण्याचा पैसा पहिला दगड फुटण्याआधी वेगळा ठेवला जाईल का? खाण चालू झाल्यावर हे मागणं म्हणजे भाव पडल्यावर मागणं. तोवर मूळ शोधकर्ते पैसे घेऊन केव्हाच निघून गेलेले असतात.

भारताचा यात संबंध आहे आणि तो वाढणार आहे. ऑगस्ट २००९मध्ये पोहांबा दिल्लीला आले तेव्हा नामिबियाने भारताशी अणुसहकार्याचा करार केला. पण आफ्रिका अण्वस्त्रमुक्त ठेवणारा पेलिंदाबा करार, अण्वस्त्रप्रसारबंदी करारात नसलेल्या देशाला युरेनियम देण्याच्या आड येतो, म्हणून तो कागदावरच राहिला. आपल्या अणुभट्ट्यांना परदेशी इंधन मिळतं ते कझाकस्तान, रशिया, कॅनडा अशा देशांकडून. आता २०४७पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचं उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं आहे. झारखंडच्या जादूगोड्याची प्रत पाहता एवढं इंधन देशात निघणार नाही. आपल्या सरकारी कंपन्यांना परदेशातले साठे शोधावे लागतील आणि त्यांच्या दारात अशाच छोट्या कंपन्या आपापले आकडे घेऊन उभ्या राहतील.

त्या वेळी २००७च्या अरेवासारखं शिखरावर विकत घेऊ नये, ही झाली व्यवहाराची गोष्ट. त्याहून महत्त्वाची दुसरी आहे. आपण जादूगोड्याच्या टाकाऊ गाळाच्या तलावांबद्दल आणि जैतापूरच्या मच्छीमारांबद्दल जे प्रश्न विचारले, तेच करोंगा आणि लिओनार्डव्हिलच्या लोकांच्या वतीनेही विचारले पाहिजेत. जैतापूरच्या बाजूने बोलणाऱ्यांना आणि विरोधात बोलणाऱ्यांना, दोघांनाही माझी विनंती आहे. अणुभट्टी कुठे येणार यावर पुष्कळ बोलून झालं. तिच्यात जाणारं युरेनियम कुणाच्या जमिनीतून आणि कुणाच्या पाण्यावर येणार आहे, हे सरकारला आत्ताच विचारा.